बाईंची एक तृतीयांश गाडी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले कार्यकारी मंडळाचे सन्माननीय सदस्य, आज निवृत्त होणाऱ्या ग्रंथपाल, म्हणजे आजच्या सत्कारमूर्ती आणि आम्हा सर्वांच्या बाई, पहिल्या रांगेत ताठ बसलेले बाईंचे थोरले बंधू, म्हणजे आता आपल्या सगळ्यांचेच दादा, ग्रंथालयाचे आजी-माजी कर्मचारी, वर्गणीदार वाचक, आणि खुर्च्या मांडलेल्या बघून वर्तमानपत्रांच्या खोलीतून उठून आत आलेले सर्व सज्जनहो, आपणा सर्वांना माझा सप्रेम नमस्कार.

बाईंचं ग्रंथालय चळवळीतलं योगदान या विषयावर मी चांगलं लांबलचक भाषण लिहून आणलं होतं. परंतु माझ्या आधीच्या मान्यवर वक्त्यांपैकी एकांनी बाईंची शिस्त घेतली, दुसऱ्यांनी बाईंची निष्ठा घेतली, आणि वाळवीविरुद्धची मोहीम मी खास राखून ठेवली होती, ती अध्यक्ष महोदयांनी प्रास्ताविकातच संपवून टाकली. आता माझ्या कागदावर शिल्लक काय राहिलं? सुरुवातीचा नमस्कार आणि शेवटचे आभार. नमस्कार तर करून झाला. तेव्हा कागद मी पर्समध्ये ठेवते आणि ज्या विषयाला इथे कोणीच हात लावला नाही त्याकडे वळते. त्याला हात लावू नकोस असं बाईंनी मला सकाळीच बजावलेलं आहे. तो विषय म्हणजे बाईंची गाडी.

बाई, चष्म्यावरून असं बघू नका. तुम्ही असं बघितलंत की मी गप्प बसते, हे खरं आहे. पण आज माईक माझ्या हातात आहे.

जुन्या वाचकांना आठवत असेल, आपल्या इमारतीच्या मागे, पुस्तकबांधणीच्या पत्र्याच्या शेडखाली सायीच्या रंगाची एक छोटी गाडी उभी असायची. ती ग्रंथालयाची गाडी, असाच सगळ्यांचा समज होता. तो समज का झाला तेही सांगते. पण ती ग्रंथालयाची नव्हती. ती तिघांची होती. एक बाई, दुसरे आपले बांधणीकाका, जे आता तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले आहेत, आणि तिसरी मी, पुस्तकांची तालिका करणारी. तिघांच्याही आयुष्यातली ती पहिली गाडी. आणि घेतली तेव्हा तिघांपैकी एकालाही ती चालवता येत नव्हती. तीन तिघाडा काम बिघाडा ही म्हण आम्हाला माहीत नव्हती असं नाही. म्हणींच्या कोशाची तालिका मीच केली होती.

मग घेतली कशाला? सांगते. आपले एक वाचक होते, डोळ्यांचे डॉक्टर. वयोमानाप्रमाणे त्यांना स्वतःलाच कमी दिसू लागलं, तेव्हा त्यांनी मोठ्या प्रामाणिकपणे गाडी चालवणं सोडलं. एक दिवस देवघेवीच्या टेबलाशी पुस्तक परत करताना ते सहज म्हणाले, "गाडी भंगारात देतोय. कोण घेणार आता ती?"

झालं. डॉक्टर हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही दुकानात, दवाखान्यात, कचेरीत बोलले असते तर लोक 'अरेरे' म्हणाले असते आणि कामाला लागले असते. पण ते बाईंसमोर बोलले. आणि बाईंसमोर 'भंगार' काय, 'रद्दी' काय, हे शब्द उच्चारायची सोय नाही, हे इथल्या शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे जाणतात. निम्मी पानं उंदरांनी खाल्लेलं पुस्तक दाखवलं तरी बाई म्हणणार, "उरलेली निम्मी आहेत ना?" त्यांनी तशाच आवाजात डॉक्टरांना विचारलं, "चाकं चारही आहेत ना?"

डॉक्टर म्हणाले, "आहेत."

"मग भंगार कसं म्हणता?"

संध्याकाळी गाडी शेडखाली आली. बाईंनी आम्हा दोघांना बोलावून विचारलं, "तुम्ही येताय का यात?" आम्हाला वाटलं, फेरफटका मारायला. आम्ही हो म्हणालो आणि एकेक तृतीयांशाचे मालक झालो.

आता गाडी आली की लोक काय करतात? कोणी पुसतं, कोणी फोटो काढतं. बाईंनी तिची दाखल नोंद केली. बाईंच्या मते या आवारात आलेली कुठलीही वस्तू नोंदीवाचून आत राहूच शकत नाही. दाखल क्रमांक पडला. मग शिक्का. पुस्तकाला आपण एक शिक्का पहिल्या पानावर मारतो आणि एक ठरलेल्या आतल्या पानावर, चोराला पत्ता लागू नये म्हणून. त्या नियमानं एक शिक्का डिकीच्या झाकणाला आतून आणि दुसरा चालकाच्या आसनाखाली. मग प्रश्न आला वर्गीकरणाचा. मी म्हणाले, यंत्रशास्त्र. बाई म्हणाल्या, दळणवळण. बांधणीकाका गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "कादंबरीत टाका. सुरू झाली तरी शेवटपर्यंत जाईल की नाही सांगता येत नाही." अखेर दळणवळणाचा क्रमांक पांढऱ्या रंगानं मागच्या बाजूला खाली लिहिला गेला, आपण पुस्तकाच्या पाठीवर लिहितो तसा.

तर मंडळी, ही गाडी ग्रंथालयाचीच, असं सगळ्या गावानं का धरलं, ते आता लक्षात आलं असेल.

वापरायचे नियमही आपलेच. प्रत्येकाला एक आठवडा. काचेच्या आतल्या बाजूला तारखेची पट्टी चिकटवलेली. दुसऱ्या कोणाची मागणी नसेल तरच मुदतवाढ. उशिरा परत आणली तर पुढची पाळी रद्द. आणि परत आणली की बाई ती तपासून घेणार. पुस्तक परत आलं की बाई कशा अंगठ्यानं पानं फरफर सोडत जातात, तसं दारं, काचा, आरसे सगळं बघायच्या. एकदा मी गाडी फाटकाला किंचित घासली होती. बाईंनी एका नजरेत पकडलं. म्हणाल्या, "हे दार दुमडलंय. खूण म्हणून दुमडलंस का?"

दुरुस्ती विभाग अर्थातच बांधणीकाकांकडे. काकांच्या हाताला काय येतं? टोचा, दोरा, पुठ्ठा, कापड आणि खळ. त्यांनी आसनं शिवली ती जाड ग्रंथ शिवतात तशा टाक्यांनी. ती अखेरपर्यंत उसवली नाहीत, याबद्दल दुमत नाही. पण मागचं मडगार्ड गंजून त्याला भोक पडलं, तेव्हा काकांनी त्याला आतून पुठ्ठा लावला, वरून कापड ताणलं, खळ लावून दाबाखाली ठेवलं आणि वर सायीचा रंग दिला. दिसायला इतकं सुबक झालं की आम्ही कौतुक केलं. मग एक दिवस पाऊस आला. मी सासूबाईंना घेऊन बाजारातून येत होते. मडगार्ड आधी फुगलं, मग त्याचे पापुद्रे सुटले आणि चौकात ते रस्त्यावर उलगडत गेलं. मागून येणाऱ्या माणसानं ते गोळा करून आणून दिलं आणि विचारलं, "तुमचं काहीतरी गळतंय, पण हे कागद आहेत का?" सासूबाई त्यानंतर म्हणाल्या, "सूनबाई, या गाडीत बसण्यापेक्षा आपण तिच्या बरोबरीनं चालत जाऊ. तेवढीच तिला सोबत." काका, तुमची थट्टा करते आहे, पण आसनांचं कौतुकही केलंय, हे लक्षात असू द्या.

एकदा एका मेकॅनिकला बोलवायची वेळ आली. त्यानं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघत राहिला आणि अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "हे कोणी शिवलंय?"

असो. अध्यक्ष महोदय घड्याळाकडे बघत आहेत. मी मुद्द्यावर येते. मुद्दा असा की बाईंना ही गाडी कशासाठी हवी होती.

कारण बघा, बाई राहतात इथून चालत जाण्याच्या अंतरावर. घरात माणसं दोनच, बाई आणि दादा. प्रवासाची हौस नाही, मिरवायची त्याहून नाही. मग बाईंनी गाडी चालवायला शिकण्याचा असा ध्यास का घ्यावा? मी एकदा पुस्तकमोजणीच्या वेळी, दोघी फळीवरची धूळ झटकत असताना, त्यांना विचारलंच. त्या फडकं घडी करत म्हणाल्या, "माझे वडील गेले तेव्हा मी चप्पलसुद्धा उलटी घालत होते. दादानं मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं. मग कॉलेजात. मी एवढी मोठी झाले तरी दांडीवरच. लोक हसायचे. तो म्हणायचा, हसू दे, पाय दुखले तर त्यांचे दुखणार आहेत का. ज्यानं मला इतकं नेलं, त्याला मला एकदा माझ्या गाडीत बसवून न्यायचंय. एकदाच. बस."

मी म्हणाले, "मग अडचण काय आहे? सांगा दादांना, बसा म्हणावं."

बाई म्हणाल्या, "अगं, दादाला सांगायचं कोणी?"

आता इथे मला दादांची परवानगी घेऊन थोडं स्पष्ट बोलावं लागेल. दादा, बोलू ना? दादांनी मान हलवली. ती होकारार्थी होती असं मी धरते.

दादा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्यांच्या दराऱ्यानं बाजारातले काटे आपोआप सरळ व्हायचे म्हणतात. घरी आणलेली भाजी ते परत जोखत. आणि आपल्या बाई, ज्यांच्या एका भुवईनं हे सगळं दालन चिडीचूप होतं, त्या दादांसमोर गेल्या की चौथीतल्या मुलीसारख्या उभ्या राहत. त्यात गाडी या विषयावर दादांचं मत पक्कं होतं. त्यालाही इतिहास आहे. तरुणपणी दादांच्या साहेबांनी त्यांना आपली गाडी शिकण्यासाठी दिली होती. दादांनी ती सुरू केली आणि गाडी पुढे जाण्याऐवजी मागे गेली. मागे लॉण्ड्रीवाल्याच्या वाळत घातलेल्या चादरी होत्या. त्यातली एक समोरच्या काचेवर पसरली. दादांनी चादर काढायला थांबायचं की नाही? पण थांबवायचं कसं ते साहेब उद्या शिकवणार होते. अखेर गाडी न्हाव्याच्या दुकानाच्या दाराला टेकून थांबली. आतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी मागच्या दारानं निघून गेलं ते पुन्हा दिसलं नाही.

माणूस यावरून काय शिकेल? की आपण गाडी चालवू नये. दादांनी निष्कर्ष काढला की आमच्या घराण्यालाच चाक झेपत नाही. आणि घराण्यात उरलं होतं कोण? बाई. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, तसा हा निष्कर्ष दादांपाशी राहिला. शेडखालची गाडी त्यांनी एकदा पाहिली, मागचा क्रमांक वाचला आणि बाईंना म्हणाले, "ग्रंथालयाला गाडी कशाला? पुस्तकांना पाय फुटले का? तू तिच्या आसपास जाऊ नकोस." बाई 'बरं' म्हणाल्या.

आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांबरोबर शिकवणीला गेल्या.

बाई गाडी शिकल्या उत्तम. जरा हळू चालवायच्या, वळणावर आधी चष्मा पुसायच्या, पण उत्तम. एकच अडचण होती. बाई हॉर्न वाजवत नसत. ज्या हातानं जन्मभर ओठांवर बोट ठेवून लोकांना गप्प केलं, त्या हातानं भर रस्त्यात आवाज करणं त्यांना असभ्य वाटे. गाडीत आरशाला 'शांतता राखा' ही पाटी टांगलेलीच होती. समोर कोणी आलं तर बाई काच खाली करून "जरा बाजूला होता का?" असं विचारत. लोक होतही, कारण गाडी त्यांच्यापाशी पोचेपर्यंत त्यांना बाजूला व्हायला भरपूर वेळ मिळे.

पण परीक्षेच्या दिवशी हे अंगाशी आलं. शेजारी परीक्षक साहेब बसलेले. सगळं ठीक चाललेलं. आणि रस्त्याच्या ऐन मध्ये एक गृहस्थ वर्तमानपत्र उघडून उभे. बाईंनी गाडी थांबवली. साहेब म्हणाले, "हॉर्न द्या." बाईंचे हात चाकावरच. साहेब पुन्हा म्हणाले, "अहो बाई, हॉर्न द्या ना."

बाई म्हणाल्या, "ते वाचतायत."

"वाचू दे की. आपल्याला जायचंय."

"वाचणाऱ्या माणसाला मी कधी उठवलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तेवढा मजकूर संपू द्या."

साहेबांनी बाईंना नापास केलं. मात्र पुढच्या आठवड्यात ते आपल्या ग्रंथालयाचे सभासद झाले. बाई दुसऱ्या खेपेला पास झाल्या, कारण तेव्हा रस्त्यात कोणी वाचत नव्हतं. परवाना त्यांनी घरी नेला नाही. तो माझ्या टेबलाच्या खणात राहिला.

असे दिवस चालले. बाई आमच्या मुलांना शाळेत सोडायच्या, काकांना दवाखान्यात न्यायच्या, गुडघे दुखणाऱ्या वाचकांना घरी पोचवायच्या. सगळ्यांना गाडीत बसवलं. ज्याच्यासाठी घेतली तो एक राहिला. गाडी दिवसेंदिवस म्हातारी होत होती. बाई कधी बोलल्या नाहीत, पण आठवडा संपताना तारखेच्या पट्टीकडे बघत क्षणभर गाडीतच बसून राहायच्या, ते मला दिसायचं. मला फार वाईट वाटायचं.

आणि मग दादांचा सत्कार ठरला. त्यांच्या खात्यातल्या निवृत्तांच्या संघटनेनं, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सभागृहात, भर दुपारी. दादांनी टॅक्सी ठरवली होती. दादा तयार होऊन, करड्या रंगाचा कोट घालून, ओट्यावर...

काय म्हणालात दादा? निळा. निळा कोट. दुरुस्ती मान्य आहे.

तर निळा कोट घालून दादा दारात उभे, आणि टॅक्सी काही येईना. ग्रंथालयात माझ्या टेबलावर फोन वाजला. पलीकडे बाई, घरून, आवाज अगदी बारीक. "गाडी कोणाकडे आहे या आठवड्यात?"

मी म्हणाले, "माझ्याकडे."

"मग माझ्या नावानं मागणीची चिठ्ठी लिही आणि घेऊन ये."

मंडळी, घराला आग लागली तरी या बाई अग्निशामक दलाकडून वाचक क्रमांक विचारून घेतील. मी चिठ्ठी लिहिली. बांधणीकाका गोंदाच्या हातानंच मागे बसले, कारण वाटेत काही सुटलं तर शिवायला माणूस हवा.

आम्ही पोचलो. दादांनी गाडी ओळखली. अडला हरी म्हणून एक म्हण आहे, ती मी पूर्ण करत नाही, कारण तिच्यात गाढवाच्या जागी आमची गाडी येते. दादा मला म्हणाले, "ग्रंथालयाची गाडी खासगी कामाला? हे नियमात बसतं का?" आणि उत्तराची वाट न बघता मागे, काकांच्या शेजारी जाऊन बसले. मला वाटलं होतं, आता बाई मला म्हणतील, तूच चालव. त्या तशा उभ्या होत्या, पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून. पण चावी मी आधीच गाडीला लावून ठेवली होती आणि मी बाजूच्या जागेवर जाऊन बसले होते. बाईंनी एकदा दादांकडे बघितलं, दार उघडलं आणि त्या चाकामागे बसल्या.

दादा म्हणाले, "तू तिथे काय करतेस?"

बाई म्हणाल्या, "ही गाडी ग्रंथालयाची नाही, दादा. माझी आहे. एक तृतीयांश."

दादांनी जन्मभर मापं तपासली होती. ते म्हणाले, "कुठला एक तृतीयांश?"

"पुढचा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गाडी सुरू केली.

पहिल्या चौकापर्यंत दादा मागून सूचना देत होते. हळू. थांब. ती सायकल बघ. आता चाल. अगं आता नको चालूस. काकांचा हात त्यांनी घट्ट धरला होता, आणि तो गोंदाचा असल्यामुळे पुढे सुटायलाही तयार नव्हता. बाईंचे कान लाल झाले. चौकात गाडी थांबली आणि बाई मागे न बघता म्हणाल्या, "दादा, या गाडीत शांतता राखायची असते."

दादांनी आरशावरची पाटी वाचली. आणि ते गप्प बसले. सभागृह येईपर्यंत एक शब्द नाही. बाईंनी वळणं घेतली, चढ चढवला, मालवाहू ट्रकच्या बाजूनं गाडी अलगद काढली, सगळं निगुतीनं. सभागृहाच्या दारात गाडी थांबली. दादा उतरले. त्यांनी काकांपासून हात सोडवून घेतला, कोट नीट केला, गाडीभोवती एक फेरी मारली, चारही चाकं बघितली आणि ते आत निघून गेले.

बाई चाकावर हात ठेवून बसल्या होत्या. "काही बोलला नाही," त्या म्हणाल्या.

काका म्हणाले, "वेळेवर पोचले ना? मग झालं."

"पण बोलला नाही."

आम्ही तिघं शेवटच्या रांगेत बसलो. दादांचा सत्कार झाला. दादांनी भाषण केलं, काट्याविषयी, सचोटीविषयी, आपल्या साहेबांविषयी. बहिणीविषयी काही नाही, गाडीविषयी तर नाहीच. बाईंनी हातरुमालाला पीळ घालून घालून त्याची दोरी केली. मला म्हणाल्या, "मी त्याला चारचौघांत गप्प बस म्हणाले गं. त्यानं मला कधी मोठ्यानं हाकसुद्धा मारली नाही." मला दादांचा इतका राग आला होता की मी टाळ्यासुद्धा हळू वाजवल्या. दादा, आज सांगून टाकते.

कार्यक्रम संपला. सगळे निरीक्षक, कोटवाले, हातात फुलं घेतलेले, दादांना निरोप द्यायला फाटकाशी आले. संघटनेच्या अध्यक्षांची मोठी काळी गाडी दादांसाठी समोर उभी होती. ड्रायव्हरनं दार उघडून धरलेलं. अध्यक्ष म्हणाले, "बसा साहेब, घरापर्यंत सोडतो."

त्या गाडीच्या मागे आमची उभी होती. मागचा क्रमांक, शिवलेली आसनं, एक मडगार्ड नाही. बाई चाकामागे, नजर खाली. दादांनी काळ्या गाडीकडे बघितलं, ड्रायव्हरला हातानंच राहू द्या म्हटलं आणि अध्यक्षांना म्हणाले, "आभारी आहे. पण माझी बहीण आलीये गाडी घेऊन."

ते आमच्या गाडीपाशी आले. मी पुढच्या जागेवर बसले होते. दादांनी दार उघडलं आणि मला म्हणाले, "तुम्ही मागे बसा." मी काकांच्या शेजारी गेले. दादा पुढे बसले, फुलं मांडीवर ठेवली, कोटाची बटणं सोडली. बाईंना म्हणाले, "चल."

आणि गाडी सुरू होईना. बाईंनी चावी फिरवली, पुन्हा फिरवली. काही नाही. समोर सगळं वजनमापे खातं उभं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा ते कोटवाले पुढे झाले. फुलं ड्रायव्हरच्या हातात दिली, बाह्या सारल्या आणि सगळे मिळून गाडी ढकलू लागले. जोर चांगला लावला होता. मागून काहीतरी कडकन वाजलं. दादांनी काच खाली केली, अर्धे बाहेर वाकले आणि आपल्या त्या जुन्या बाजारातल्या आवाजात म्हणाले, "सांभाळून ढकला. माझ्या बहिणीची गाडी आहे."

एक तृतीयांश म्हणाले नाहीत. आम्ही दोघं उरलेले मालक मागेच बसलो होतो. आम्हीही काही बोललो नाही.

गाडी सुरू झाली तेव्हा बाई इतक्या रडत होत्या की मला मागून "बाई, रस्ता" असं सांगावं लागलं.

अध्यक्ष महोदय, मी आता आवरतं घेते. आपण बोलण्याची संधी दिलीत आणि घड्याळ शेवटी खिशात ठेवलंत, याबद्दल आपले आभार. कार्यकारी मंडळाचे, हे दालन सजवणाऱ्या सहकाऱ्यांचे, इतका वेळ मागे उभं राहून ऐकणाऱ्या वाचकांचे आभार. बांधणीकाका, तुमच्या टाक्यांचे आभार. दादा, तुम्ही त्या दिवशी काळ्या गाडीत बसला नाहीत, त्याबद्दल तुमचे आभार मला कधी मानता आले नव्हते, ते आज मानते. आणि बाई, तुम्ही आमच्यावर रागावलात, आम्हाला शिकवलंत, आम्हाला घरी पोचवलंत. उद्या टेबलाशी तुम्ही नसाल, आणि मला ते अजिबात आवडणार नाही, हे मी साध्या शब्दांत सांगून ठेवते. तुम्ही सांगू नकोस म्हणालात ते मी सांगितलं. बोलण्याच्या भरात माझा एखादा शब्द चुकीच्या फळीवर लागला असेल, तर आपण सर्वांनी तो उचलून त्याच्या जागेवर ठेवावा आणि मला क्षमा करावी, ही विनंती करून मी माझी जागा घेते.

धन्यवाद.